जबलपूरचे ताल आणि गाळाचे देणे

जबलपूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसास पहिल्या आठवड्यातच एक कोडे पडते. पत्ता विचारावा तर कोणी राणीताल सांगतो, कोणी चेरीताल, कोणी आधारताल. परंतु ताल पाहावयास जावे, तर पुष्कळ ठिकाणी पाण्याऐवजी वस्तीच दृष्टीस पडते. येथे बावन्न ताल होते, असे लोक सांगतात. संख्येचा आग्रह सोडला तरी नावांची साक्ष खोटी नव्हे.

परंपरेप्रमाणे राणीताल गढ्याच्या राणी दुर्गावतीने, चेरीताल तिच्या दासीने आणि आधारताल तिचा मंत्री आधारसिंह कायस्थ याने बांधविला. दुर्गावती चंदेल कुळातील. तिच्या पूर्वजांनी महोब्यास मदनसागर, कीरतसागर असे विशाल जलाशय निर्मिले होते. सासरे संग्रामशाह यांच्या नावाचा संग्रामसागर बाजनामठाजवळ आहे. तेव्हा ही दृष्टी तिला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे लाभली. १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना तिने देह ठेवला. ताल मात्र मागे राहिले.

अशा तालाचा व्यवहार पाहण्यासारखा असे. खोदलेली माती बांधास लागे. साठलेले पाणी पाझरून भोवतालच्या विहिरी जिवंत ठेवी. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळचा गाळ मळ्यांत आणि बागांत जाई. गाळ नेणारा माळी स्वतःच्या लाभासाठी नेई, पण त्यामुळेच ताल खोल राही. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे धन होते.

१७८१ साली येथे सागरच्या मराठ्यांचा अंमल आला, १७९८ साली पेशव्यांनी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांस दिला, आणि १८१७ साली इंग्रज आले. १८८३ मध्ये खंदारी जलाशयाचे पाणी नळाने शहरास मिळू लागले. सोय मोठी झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु ज्या तालाचे पाणी पितच नाही, त्याचा गाळ कोण उपसणार? आणि गाळाने भरलेला ताल पाहणाऱ्यास ताल वाटत नाही, मोकळी जमीन वाटते.

मागे एका कचेरीच्या आवारात वृक्षारोपण झाले. रोपे दुरून ट्रकने आली, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत; मातीही विकतची. त्याच वेळी आवाराच्या कोपऱ्यात कडुनिंबाचा पाचोळा जळत होता. वैशाखापर्यंत निम्मी रोपे वाळली. पिशव्या तेवढ्या टिकल्या. त्या समारंभात टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो.

आपण बदलीची माणसे. लावलेले झाड वाढलेले पाहणे बहुधा आपल्या नशिबी नसते, म्हणून खड्डा खणला की आपले कर्तव्य संपले असे वाटते. पण पाचोळ्यासाठी एक खड्डा राखणे आणि पुढे येणाऱ्याच्या हाती त्याचे काम सोपविणे, एवढे तर कारकुनासही साधेल. ताल राणीने बांधविला खरा. तो शतकानुशतके राखला, तो गाळ वाहणाऱ्या अनामिकांनी.