रथाची मोगरी

‘सत्तेचे विकेंद्रीकरण’ हा शब्द आम्हां पिंप्राळेकरांच्या जिभेला जड जातो. पण त्यातली मेख आम्हाला विद्वानांच्या आधी कळते. आषाढी एकादशीला आमच्याकडे रथ निघतो ना! दोर ओढायला हात पुष्कळ. पण रथ कुठे वळवायचा, कुठे थांबवायचा, हे चाकाखाली लाकडी मोगरी लावणारा ठरवतो. लोकशाहीचेही तसेच झाले. दोर आमच्या हाती आला, मोगरी वरच्यांकडेच राहिली.

पहिला दोर सोडला लॉर्ड रिपनसाहेबांनी, १८८२ साली. लोकांनी कारभार शिकावा म्हणून! अध्यक्षाच्या खुर्चीत मात्र बहुतेक ठिकाणी कलेक्टरच. म्हणजे शिकवणी आमची आणि पाटी-पेन्सिल मास्तरांची.

स्वराज्यात १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने गाव, गट, जिल्हा असे तीन मजली घर सुचवले. आपल्या वसंतराव नाईक समितीने त्यात जिल्ह्याला थोरलेपण दिले आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते असा भरला संसार त्यांच्याकडे आला. पुढचे कितीतरी आमदार-मंत्री याच तालमीत तयार झाले.

मग मोगरी लागली. १९६२, ६७, ७२ अशा निवडणुका झाल्या. पुढची १९७९ला आणि त्यापुढची थेट १९९२ला! पहिल्या मतदानाला पाळण्यात असलेले पोर दुसऱ्या मतदानापर्यंत आठवीत गेले.

म्हणून ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती आली. १९९३पासून पाच वर्षांची मुदत पक्की, मुदत संपायच्या आत निवडणूक, बायकांना एक तृतीयांश जागा. आम्ही म्हटले, चला, मोगरी आता घटनेच्या कपाटात कुलूपबंद!

पिंप्राळे आता जळगाव शहरात मोडते; तिथे २००३पासून महापालिका आहे. नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२३मध्ये संपली. राज्यभरच्या निवडणुका आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात अडकलेल्या. तेव्हा प्रशासक आले आणि मतदान झाले जानेवारी २०२६मध्ये.

आमच्या आळीतले आप्पा म्हणतात, “प्रशासक माणूस चांगला असतो भाऊ, पण त्याला आपल्या मताची गरज नसते. नगरसेवक कसाही असो, त्याचं घर माहीत असतं. रात्री जाऊन दार ठोकता येतं!”

विकेंद्रीकरणाची याहून सोपी व्याख्या मला कुठल्या अहवालात सापडलेली नाही. मोगरी नकोच, असे कोण म्हणतो? उतारावर ती नसली तर रथ एखाद्याच्या ओसरीत शिरेल. फक्त ती लावणारा रथाबरोबर चालणारा असावा. मुंबईत बसून लावणारा नसावा, एवढेच.