गलाईच्या खोलीतला तांबडा धूर

(१/९) सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या तालुक्यांत, शेतीने दगा दिला तेव्हा अनेक घरांना एका व्यवसायाने तारले : गलाई. जुने दागिने आणि मोड वितळवून शुद्ध सोने-चांदी वेगळी करण्याचे हे काम घेऊन इथले तरुण भारतभरच्या सराफ पेठांत पोहोचले. अनेकांचा आरंभ भाड्याच्या एका खोलीत झाला. तीच भट्टी, तेच बिऱ्हाड.

(२/९) पद्धत जुनी आहे. मोड टाकणखारासह मुशीत वितळवायची. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात इतकी चांदी मिसळायची की सोने सुमारे एक चतुर्थांश उरावे. मग तो मिश्रधातू नायट्रिक आम्लात तापवायचा. चांदी-तांबे विरघळते, तळाशी तपकिरी भुकटी राहते. तेच सोने. ती धुऊन, पुन्हा वितळवून साच्यात ओतली की लगड तयार होते.

(३/९) आम्ल धातूला भिडताच तांबूस धूर उठतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलीत खालीच साचतो. त्याचा खरा धोका त्याच्या फसवेपणात आहे. आरंभीचा खोकला ओसरतो, माणसाला बरे वाटते आणि काही तासांनी, कधी मध्यरात्री, फुप्फुसांत पाणी भरू लागते.

(४/९) या खोलीकडे राज्यसत्तेने कसे पाहिले? कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सोनेकामासाठी ‘अक्षशाला’ सांगितली आहे : चार दालने आणि दार मात्र एकच. कारागिरांची आत येताना व बाहेर पडताना झडती घ्यावी, असा दंडक. चिंता होती ती चोरीची.

(५/९) सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त टांकसाळीतील सोने शुद्ध करण्याच्या आणि त्यातून चांदी वेगळी काढण्याच्या रीती बारकाईने नोंदवल्या. राखेत, केरात राहिलेला धातू गोळा करणाऱ्यांचीही नोंद तिथे आहे. मराठी मुलुखात सोनारांच्या दुकानातील धूळ धुऊन कण वेचणारे झारेकरी हेच काम करीत. वाया काहीच जात नसे.

(६/९) कारागिराच्या देहाकडे पाहणारा एक महत्त्वाचा ग्रंथ १७०० साली इटलीतील मोडेना येथे प्रसिद्ध झाला. वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने कामगारांच्या रोगांवर लिहिताना, सोन्याचा मुलामा देणाऱ्यांना पाऱ्याची वाफ कशी पोखरते हे मांडले. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, हा त्याचा आग्रह होता.

(७/९) स्वतंत्र भारतात १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आले. १९६८ चा कायदा १९९० पर्यंत टिकला. त्यात परवाने आले, सोन्याच्या वजनाच्या नोंदी आल्या. १९४८ चा कारखाना अधिनियम मात्र साधारणतः वीज वापरणाऱ्या १० किंवा वीज न वापरणाऱ्या २० कामगारांपासून लागू होत असे. दोन-चार जणांची गलाईची खोली त्या चौकटीबाहेर राहिली.

(८/९) तिथे सुरक्षितता उरली ती उस्तादाच्या शिकवणीपुरती. म्हणून नियम ठाऊक हवेत. साचा कोरडा व तापवलेला असावा. पाण्याच्या एका थेंबाची वाफ वितळलेला धातू अंगावर उडवते. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. तोंडाला बांधलेले फडके वायू अडवत नाही, उघडी खिडकीही पुरत नाही. धूर उगमापाशीच ओढून बाहेर नेणारी बंदिस्त व्यवस्था लागते. जिथे आम्ल, तिथे स्वयंपाक आणि झोप नको. धूर छातीत गेला, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे. घरी रेझिन वा सिलिकॉनचे साचे करणाऱ्यांची रसायने वेगळी असतात. पण राहत्या खोलीत हे काम नको, हा धडा त्यांनाही लागू आहे.

(९/९) अक्षशालेचे दार, टांकसाळीची राख, परवान्याची वही : दोन हजार वर्षांत सोन्याचा हिशेब कुणी ना कुणी ठेवला. श्वासाचा हिशेब कारागिरालाच ठेवावा लागला. म्हणून परमुलखातल्या डॉक्टरने रामाझिनीचा प्रश्न विचारला, तर कवठे महांकाळच्या माणसाने ‘सोन्याचे काम’ एवढ्यावर थांबू नये. ‘गलाई, आणि आम्लाचा धूर’ असे पूर्ण उत्तर द्यावे.