इंद्रायणीच्या दोन काठांवरची सातवी

मंडळी, आज आपण दापोडीत बसून सातवीच्या वर्गाचा इतिहास बघणार आहोत. पहिली नाही, दहावी नाही, ही मधलीच सातवी कुठून काढली, असं काहींना वाटलं असेल. दहावीला बोर्डाचा निकाल असतो, तो कुणालाही वाचता येतो. गावातल्या शाळांमध्ये खरा फरक मात्र पाचवी ते सातवीत पडतो, आणि तो निकालाच्या कागदावर सहसा येत नाही.

इथून नाशिक फाट्याला जा, भोसरी ओलांडा. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल लागतो. अलीकडे मोशी, म्हणजे हवेली तालुका. पलीकडे चिंबळी, म्हणजे खेड. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून दोन्ही काठ शाळांच्या बाबतीत पुणे जिल्हा परिषदेखाली होते. १९९७ मध्ये मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे, दिघी ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेतली गेली. चिंबळी, कुरुळी तिकडेच राहिली. पाणी एक, आळंदीची यात्रा एक, सोयरिकीसुद्धा नदीच्या आरपार. शाळेचा कारभारी मात्र बदलला. तुलना करायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

पण तुलना १९९७ पासून सुरू केली तर अर्धीच गोष्ट हाती लागते. गाव आणि शहर यांच्या शाळांना पैसा कुठून मिळतो, हा वाद फार जुना आहे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला ठरवला. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याच्या शेतातून. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात त्यांचा आक्षेप हाच होता: महसूल रयतेचा, आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. आता बारा वर्षं म्हणजे बघा, साधारण आपली सातवीच! हंटर आयोगानेही पुढे शिफारस केली, की गावचा शिक्षणनिधी आणि नगरपालिकेचा शिक्षणनिधी वेगळा ठेवा, गावचा पैसा शहराच्या शाळेत जाऊ देऊ नका. शिफारस योग्यच होती. पण तिची दुसरी बाजू शंभर वर्षांनी दिसली. कारखाने आले, जकात आली, शहराची तिजोरी भरली, आणि वेगळे ठेवलेले दोन निधी आता उलट्या दिशेने असमान झाले.

सातवीचं वजनही मधल्या काळात बदललं. आपल्या आजोबांच्या पिढीत सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. व्ह. फा. झालेला माणूस गावात मास्तर होई, तलाठी होई. लोक त्याच्याकडून पत्र वाचून घेत. सातवी हे शिडीचं टोक होतं. पुढे गावोगाव हायस्कुलं निघाली, सत्तरच्या दशकात दहावीचा नवा आकृतिबंध आला, आणि सातवी मधली पायरी झाली. मधल्या पायरीकडे कुणाचं लक्ष नसतं.

त्यातून आपल्याकडे एक गंमत आहे, गंमत कसली, घोळच म्हणा. पाचवी ते सातवी हे वर्ग दोन ठिकाणी भरत आले. जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या सात इयत्तांच्या शाळेत एक, आणि खासगी अनुदानित संस्थेच्या पाचवी ते दहावीच्या हायस्कुलात दुसरे. चौथी झाली की ज्याच्या घरी सायकल आहे, ज्याच्या बापाला 'आत्ताच हायस्कुलात घातलेलं बरं' हे कळतं, तो पोरगा निघून जातो. मग हायस्कुलाच्या फाटकावर शिष्यवृत्तीधारकांचा फलक लागतो आणि लोक म्हणतात, ही शाळा चांगली. ती चांगली असेलही. पण फलक शिकवण्याबद्दल जितकं सांगतो, तितकंच मुलं कुठून आली याबद्दलही सांगतो. ही परीक्षा मुळात चौथी-सातवीला होती, २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला नेली गेली. त्यामुळे जुने आणि नवे फलक शेजारी ठेवून तुलना करणं तर मुळीच बरोबर नाही.

मग काय वाचायचं? आमच्या मते जनरल रजिस्टर. प्रत्येक शाळेच्या कपाटात असतं ते जाड बाड: नाव, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण'. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या एका रकान्यात जेवढं सापडतं तेवढं अहवालात सापडत नाही. गावात चार इयत्तांचीच शाळा असेल तर चौथीनंतर मुलींच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघा. मुलगे पुढच्या गावच्या पाचवीत गेले; मुलींच्या बाबतीत ते दोन-तीन किलोमीटर म्हणजे शिक्षण संपल्यासारखंच. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलं, ते त्यासाठीच. नकाशावर मात्र ओढा, महामार्ग, कंपनीच्या बसगाड्यांची रांग दिसत नाही. पुलापलीकडून अलीकडे चालत येणारी अकरा वर्षांची मुलगी किलोमीटर मोजत नसते.

आणि 'आधीची शाळा' हा रकाना. दापोडीला एसटीची कार्यशाळा आली, पिंपरीत अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कुटुंबं आली. त्या-त्या वेळी या रकान्यात नवे जिल्हे शिरले असणार. आज तेच चाकणच्या बाजूला चाललं आहे. बापाचं कंत्राट संपलं की पोराची शाळा बदलते, तीही वर्षाच्या मध्ये. जी शाळा अशी मुलं जानेवारीत दाखल करून घेते, तिची सरासरी खाली येते. जी घेत नाही, तिची वर राहते. तुलनेच्या तक्त्यात पहिली शाळा मागे पडलेली दिसेल. आम्ही तिला मागे मानत नाही.

महापालिकेकडे गेल्यामुळे अलीकडच्या काठाला फायदा झाला का, असं कुणीतरी विचारणारच. इमारतींचा विचार केला तर तिजोरी मोठी असण्याचा उपयोग असतो. पण गावची शाळा ग्रामसभेत भांडून सुधारता येते, सरपंच रोज दिसतो. वॉर्डातल्या शाळेसाठी कुणाला धरायचं हे पालकांना उमगायला वर्षं जातात. म्हणून आम्हाला १९९६ आणि २००६ सालची दोन्ही काठांची रजिस्टरं समोरासमोर उघडायची आहेत: पाचवीत आलेल्यांपैकी सातवीला किती पोचले, मुली किती, आणि मधेच गेलेले कुठल्या शाळेत गेले.

तुमच्यापैकी ज्यांच्या आईचा शाळा सोडल्याचा दाखला घरात असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर तो काढून शेवटचे दोन रकाने वाचा: इयत्ता आणि कारण. पुढच्या व्याख्यानाला येताना नाव झाकून, फक्त गाव, साल आणि ते दोन रकाने लिहून आणा.