ड्रेजर आला, पण कशासाठी?

मंडळी, ड्रेज हा शब्द मुळात मच्छीमारांचा. विलायतेत समुद्राच्या तळावरून कालवं खरवडून आणायच्या जाळ्याला ड्रेज म्हणत. पुढे गाळ उपसणारं यंत्रही त्याच नावाचं झालं. आपल्या कोकणच्या खाड्यांत वाळू निघायची ती बुडी मारून, हातपाटीने.

गोवळकोटच्या धक्क्याला एकेकाळी गलबतं लागत. मग नदी गाळाने भरत गेली. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तेव्हा ‘गाळ काढा’ हे पोराटोरांच्याही तोंडी झालं. काढायलाच हवा, त्यात वादच नाही. पण गाळ काढायला पैसे मोजावे लागतात आणि वाळू विकून पैसे मिळतात. दोन्हीला आपण ‘उपसा’च म्हणतो! म्हणून पात्रात यंत्र दिसलं की मी आधी विचारतो, भाऊ, गाळ की वाळू?