आधी सायकल, मग नांगर

अप्रेझलचे दिवस आले की "बास झालं, आता स्वतःचं काहीतरी सुरू करतो" हे वाक्य आमच्या कॅन्टीनमध्ये रोज ऐकू येतं. अशांना मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची (जन्म १८६९) गोष्ट सांगतो.

लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पण रिकाम्या हातांनी नाही! नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. म्हणजे धंदा आधीच चालू होता.

पुढे कडबा कापायची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर. आता गंमत बघा. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! त्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. शेवटी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीत होते.

रागाने नोकरी सुटते, धंदा उभा राहत नाही. तेव्हा राजीनामा टाइप करण्याआधी एवढंच विचारा: माझी सायकल कुठली? आणि नांगर दोन वर्षं खपला नाही तर घर कशावर चालेल? उत्तर असेल तर खुशाल निघा. नसेल तर शनिवार-रविवार आहेतच की!