नियमाआधीचा आकडा

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने राउटरवरची किंवा फायरवॉलवरची नियमांची यादी उघडली की बहुतेकदा डावीकडे आकडे दिसतात : 10, 20, 30, नाहीतर 100, 200, 300. एकाच पॅकेटला, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या एकाच पुडक्याला, दोन नियम लागू पडत असतील, एक ‘जाऊ दे’ म्हणत असेल आणि दुसरा ‘अडव’, तर कोणाचा शब्द चालायचा, ते हा आकडा ठरवतो. आज तो इतका सवयीचा झाला आहे की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. वेगासाठी यंत्राने नियमांची किती उलटापालट करावी आणि माणसाने सांगितलेला अर्थ कुठवर जपावा, या ओढाताणीतून तो घडला आहे.

अग्रक्रमाची कल्पना सुरक्षेच्या गरजेतून आलेली नाही. झेरॉक्सच्या ऑल्टो संगणकावरची एक कल्पना घेऊन कार्नेगी मेलन विद्यापीठात माइक अ‍ॅसेटा आणि रिक रशीद यांनी 1980मध्ये युनिक्ससाठी पॅकेट फिल्टर तयार केला. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनी तो पुढे नेला आणि 1987मध्ये तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता : आलेलं पॅकेट कोणत्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं? प्रत्येक प्रोग्रॅम आपला छोटासा फिल्टर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, देई, सोबत अग्रक्रमाचा आकडा. वरच्या अग्रक्रमापासून तपासणी सुरू होई. समान अग्रक्रमाचे फिल्टर मात्र कर्नल अधूनमधून पुढेमागे करी, ज्यांना जास्त पॅकेटं मिळतात त्यांना आधी आणी. जिथे माणसाने क्रम सांगितलेला नाही तिथेच यंत्राने हात घालायचा, हा विवेक इतक्या लवकर दिसतो याचं मला फार कौतुक वाटतं.

राउटरच्या जगात हा विवेक सगळ्यांनी पाळला नाही. 1988च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि नेटवर्कच्या दारावर पहारा हवा ही जाणीव तीव्र झाली. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीने लिहिलेला क्रम पाळला, पण तिच्या जुन्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये 101सारखा आकडा अख्ख्या यादीचा असे, ओळीला स्वतःचा नंबर नसे. वरून खाली वाचत जायचं, पहिली जुळणारी ओळ लागू, काहीच जुळलं नाही तर पॅकेट बाद. नवी ओळ नेहमी शेवटी जाई. मधे घालायची तर सगळी यादी पुसून पुन्हा लिहायची.

काही राउटर मात्र झटपट काम उरकावं म्हणून नियमांचा क्रम आपणच बदलत. ब्रेंट चॅपमन यांनी 1992मध्ये यातला धोका दाखवून दिला. समजा, पहिला नियम : शेजारच्या विद्यापीठातून आपल्या संशोधन विभागात येऊ द्या. दुसरा : त्या विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेतून आपल्याकडे कुठेही येऊ देऊ नका. तिसरा : बाकी सगळं बंद. त्या प्रयोगशाळेतून संशोधन विभागाकडे निघालेलं पॅकेट या क्रमाने आत येतं. पहिल्या दोन ओळींची अदलाबदल करा, तेच पॅकेट दारात अडतं. एक अक्षरही न बदलता धोरण बदललं, आणि लिहिणाऱ्याला पत्ताही नाही.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयपीएफडब्ल्यू या फायरवॉलने प्रत्येक नियमाला 1 ते 65535मधला नंबर दिला. नंबर न सांगता नियम घातला तर नंबर आपोआप शंभराच्या टप्प्याने मिळतो, म्हणून 100 आणि 200च्या मधे 150 सहज बसतो. 65535 हा शेवटचा, ठरलेला नियम. सिस्कोच्या याद्यांमध्येही नंतर ओळींना नंबर आले, ते दहादहाच्या अंतराने.

लिहिणाऱ्याची सोय झाली, यंत्राची नाही. हजारो ओळी एकेक करून तपासणं वेगवान लाइनला परवडत नाही. टीकॅम नावाची चिप सगळ्या ओळी एकाच वेळी तपासते आणि जुळलेल्यांपैकी सर्वांत वरची निवडते. पण तिथे अग्रक्रम म्हणजे चिपमधली जागा, त्यामुळे नवी ओळ घालताना बाकीच्या सरकवाव्या लागतात. आयआयटी मुंबईतून स्टॅनफर्डला गेलेले देवव्रत शहा आणि त्यांचे तिथले सहकारी पंकज गुप्ता यांनी यावर काम केलं. आयपीव्ही4च्या पत्त्यांच्या तक्त्यात रिकामी जागा मधोमध ठेवली, तर एका नव्या नोंदीसाठी फार तर 16 ओळी हलवाव्या लागतात.

सॉफ्टवेअरची एक वाट 1999मध्ये निघाली. व्ही. श्रीनिवासन, सुभाष सुरी आणि आयआयटी मुंबईचेच माजी विद्यार्थी जॉर्ज वर्गीस यांनी नियमांचे गट पाडले. पत्त्याचे आणि पोर्टचे नेमके तेवढेच बिट तपासणारे नियम एका गटात, आणि प्रत्येक गटाचं एक हॅश टेबल, म्हणजे एकदा बघितलं की नोंद सापडेल असा तक्ता. हजार नियम असोत, गट तीसच असले तर तीसदा बघितलं की झालं. अर्थात पहिल्याच गटात काही जुळलं म्हणून थांबता येत नाही, पुढच्या गटात याहून वरचढ नियम असू शकतो.

ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचने ही अडचण सुरेख सोडवली. प्रत्येक टेबल आपल्यातल्या सर्वांत मोठ्या अग्रक्रमाची नोंद ठेवतं आणि टेबलं त्याच उतरत्या क्रमाने तपासली जातात. 500 अग्रक्रमाचा नियम जुळला आणि पुढच्या टेबलातला सर्वांत मोठा अग्रक्रम 400 असला, की शोध तिथेच संपतो. उरलेली टेबलं उघडायची गरजच पडत नाही.