राजपुऱ्याहून सांगवीकडे

साल 1963, सप्टेंबर. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या एका ओट्यावर तू उभा आहेस. खिशातला मोबाइल गेला, त्याच्या जागी नव्या पैशांची चिल्लर खुळखुळते आहे. कुठल्याशा घरात माग चालू आहे. त्या खटखटीवर आवाज चढवून कोणी हिंदीत भाव करतंय, कोणी मराठीत पोराला हाका मारतंय. बुऱ्हाणपूर अजून पूर्व निमाड जिल्ह्यात आहे. स्वतंत्र जिल्हा व्हायला 40 वर्षं अवकाश आहे.

काखेत तुझ्या 'कोसला' ही कादंबरी. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं नुकतीच काढलेली. लेखक भालचंद्र नेमाडे, वय 25. तू ती विशीत वाचलीस तेव्हा तिचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच, असं सगळ्या होस्टेलला सांगत फिरला होतास. या खेपेला डोळे मात्र पन्नाशीचे घेऊन आला आहेस.

समोरच्या दारात देवी काढणारा आलाय. राष्ट्रीय देवी निर्मूलन मोहिमेला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. आई मुलीला मांडीत घट्ट धरते. तो तिच्या दंडावर लशीचा थेंब ठेवतो, त्यावर टोचणी टेकवून गर्रकन फिरवतो. मुलगी आधी बघत राहते, मग भोकाड पसरते. तुझ्या पोटात गोळा येतो, कारण काखेतल्या पुस्तकातली मनी, पांडुरंगची धाकटी बहीण, देवीनंच जाणार आहे, हे तुला ठाऊक आहे. विशीत ती पानं तू रडत वाचलीस, पण देवी तुझ्या लेखी कादंबरीतला आजार होता. इथं तो शेजारच्या गल्लीतला आहे. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडायला 1975 उजाडेल.

टांगा धर. स्टेशन गावाबाहेर, लालबागेत. कोळशाचं इंजिन असल्यानं खिडकीशी बसलास तर डोळ्यात कण जाणारच. उजव्या हाताला सातपुडा सोबत करतो. रावेरपर्यंत राज्य बदललेलं असतं. महाराष्ट्राला अवघी तीन वर्षं झालीत. माती तीच काळी, केळीच्या बागा त्याच. पांडुरंगचं खानदेशातलं सांगवी याच मुलखातलं. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ते लांबचं खेडं वाटेल. तुला मात्र तिथल्या बापाचा आवाजसुद्धा ओळखीचा आहे.

भुसावळ, मनमाड करत पुण्याला उतर आणि पांडुरंगच्या होस्टेलात शीर. हा मुलगा एकटा पडलाय, एवढंच तुझ्या लक्षात राहिलं होतं. प्रत्यक्षात खोलीत बसायला जागा नाही. सुरेश आहे, रामप्पा आहे, आणखी कितीतरी आहेत. चहा, चकाट्या, रात्री-बेरात्रीची भटकंती, एकमेकांची यथेच्छ टिंगल. यातला कोणी कोणाला धीर देत नाही, मैत्रीवर तर चकार शब्द काढत नाही. पण रिकाम्या खिशानं कंटाळायलाही सोबत लागते, आणि ती हे दोस्त एकमेकांना पुरवतात. पुढे परीक्षा, नोकऱ्या, घरं ज्याला त्याला ओढून नेतात. भांडण न होताच दोस्ती संपते. विशीत हे तुला दिसणं शक्यच नव्हतं, कारण तुझे दोस्त तेव्हा खोलीतच होते.

आता पैशाकडे बघ. पांडुरंग मेसची जबाबदारी अंगावर घेतो आणि खर्चाच्या फेऱ्यात पुरता अडकतो. विशीत तू त्याच्या बाजूनं होतास. पैसा विचारणारा बाप तुला खलनायक वाटला होता. या खेपेला तू मनातल्या मनात बेरीज करतोस. शेतातून वर्षाचे किती येणार, त्यातले पुण्याला किती गेले? बाप कडक आहे, हट्टी आहे, बऱ्याचदा अन्यायही करतो. पण कादंबरीभर ओढाताण चालते ती त्याच्या तिजोरीची, आणि ती त्याच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही. सांगणारा मुलगा आहे. नेमाड्यांनी आपल्याला त्याच्या डोक्यात असं कोंडून ठेवलंय की बापाची बाजू वाचकानं स्वतःच जुळवायची. ती जुळवायला तुला तीस वर्षं लागली, हा काही पुस्तकाचा दोष नव्हे.

शिक्षण अर्धवट टाकून पांडुरंग गावी परततो. तेव्हा तुला ती हार वाटली होती. आज राजपुऱ्यातली अर्धी तरणी पोरं इंदूर-पुण्याला आहेत, तुझा मुलगाही. त्याला 'कोसला' जरूर पाठव. पांडुरंग म्हणजे मीच, असं त्यानं खुशाल म्हणावं. फक्त त्याच पाकिटात महिन्याच्या खर्चाचा हिशेब मागणारी चिठ्ठी घालू नकोस. हिशेब फोनवर विचार, आणि विचारण्याआधी त्याच्या खोलीत सध्या कोण कोण राहतं, त्यांची नावं विचारून घे.